आवाज पंख्याचा, दुखणं बर्फाचं

फ्रिजमधून खरखर यायला लागली की घरात पहिला संशय कॉम्प्रेसरवर घेतला जातो. तो सगळ्यात महागडा भाग, म्हणून धास्तीही त्याचीच. मग कुणीतरी फ्रिजच्या अंगावर दोन थापा मारतं, आवाज घटकाभर थांबतो आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दोन दारांच्या फ्रिजमध्ये अशी खरखर बहुतेक वेळा फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड बसवलेल्या तळहाताएवढ्या पंख्याची असते. त्यातही पंखा स्वतः बरेचदा धडधाकट असतो, त्याच्या पात्यांच्या वाटेत बर्फ आलेला असतो. हे न तपासता मोटर बदलली तर पैसे जातात आणि आवाज काही दिवसांनी परत येतो. मेकॅनिकला फोन लावण्याआधी घरच्या घरी थोडी तपासणी करावी, ती यासाठी.

सुरुवात अगदी मुळापासून करू. आपल्या फ्रिजला पंखा आहे का? आपल्याकडे असंख्य घरांत अजूनही एका दाराचा, ‘डायरेक्ट कूल’ जातीचा फ्रिज असतो. वरचा बर्फाचा कप्पा हाच त्याचा थंड भाग. गार हवा जड, ती आपसूक खाली उतरते. त्यापेक्षा उबदार हवा वर चढते. हवा फिरवायला पंखा लागतच नाही. कप्प्यात बर्फ चढला की नॉबच्या मधलं बटण दाबून तो आपणच वितळवायचा. अशा फ्रिजचा आवाज आला तर तो कॉम्प्रेसरचा, मागच्या नळ्यांचा, नाहीतर फ्रिजवर रचलेल्या डब्यांचा. याही फ्रिजची ‘फॅन मोटर गेलीय’ असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावावं.

दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रिजची रचना वेगळी. त्यात थंडावा तयार करणारी कॉइल डोळ्यांना दिसत नाही. फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनलआड ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लावलेली नळी असते, तीच ती. तिच्या वरच्या बाजूला पंखा. तो कॉइलवरची गार हवा ओढून फ्रीझरमध्ये फेकतो आणि तिचा थोडा भाग आतल्या वाटेने खालच्या कप्प्यात जातो. म्हणजे दूध, भाज्या, उरलेली आमटी जिथे असते त्या कप्प्याचं गारपण जवळजवळ पूर्णपणे या एका पंख्यावर अवलंबून. हे लक्षात ठेवलं की पुढची एक महत्त्वाची खूण आपोआप कळते: वरचा बर्फ व्यवस्थित आहे, पण खालचं दूध नासतंय आणि जोडीला खरखर आहे, तर गॅस संपल्याची शक्यता कमी. हवेची वाट अडली आहे.

वाट अडवणारा बर्फ येतो कुठून? हवेतून. फ्रिजचं दार उघडलं की आतली गार हवा पायांवर सांडते आणि तिच्या जागी स्वयंपाकघरातली हवा आत शिरते, आपल्या वाफेसकट. थोडा हिशोब करून बघण्यासारखा आहे. पावसाळ्यात कोकणात हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. 250 लिटरच्या रिकाम्या फ्रिजमधली हवा एकदा पुरती बदलली, तर सहा ग्रॅम पाणी आत गेलं, म्हणजे सव्वा चमचा. उलट मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी हवा 38 अंशांची असली तरी आर्द्रता 20 टक्क्यांवर आलेली असते. तिथे हेच पाणी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतं. आत गेलेल्या वाफेला सगळ्यात थंड जागा सापडते ती कॉइल, आणि तिथेच ती बर्फ होऊन चिकटते. फ्रिजच्या खरखरीच्या तक्रारी पावसाळ्यात का उगवतात, याचं उत्तर या चमच्यांत आहे. त्यात श्रावणापासून गणपती-गौरींपर्यंत फ्रिजचं दार दिवसभर मिटत नाही आणि आत खोवलेल्या नारळापासून उकडलेल्या अळूपर्यंत सगळं कोंबलेलं असतं.

हा बर्फ रोजच्या रोज उतरवायची सोय फ्रिजमध्ये असते. कॉइलच्या खालच्या बाजूला एक हीटर असतो. फ्रिज ठरावीक तास चालला की कॉम्प्रेसर आणि पंखा थांबतात, हीटर पंधरा ते तीस मिनिटं तापतो, बर्फाचं पाणी होतं. ते पन्हाळीतून नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. जुन्या फ्रिजमध्ये हे सगळं एक टायमर सांभाळतो, नव्यांत सर्किटचा बोर्ड आणि तापमानाचा सेन्सर. हीटरच्या वाटेत ‘बायमेटल’ नावाची छोटी गोल डबी असते. कॉइल पुरेशी उबदार झाली की ती वीज तोडते. त्याशिवाय एक थर्मल फ्यूज, फारच तापलं तर कायमचा उडणारा. या साखळीतली एक कडी तुटली की बर्फ उतरत नाही. रोजचा थर कालच्या थरावर चढत जातो, कॉइलच्या पट्ट्या बुजतात आणि शेवटी बर्फ पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचतो.

सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवून मुलं जो आवाज काढतात, तोच इथे होतो. पंखा मिनिटाला 1500 ते 2000 फेरे घेतो असं धरलं, तर सेकंदाला 25 ते 33 फेरे झाले. पाती चार असली तर सेकंदाला शंभराच्या वर टकरा. म्हणून सुटी टकटक ऐकू येत नाही, सलग खर्रर्र येते. बर्फ थोडा वितळला किंवा घासून गेला की आवाज थांबतो, पुन्हा वाढला की सुरू होतो. फ्रिजला थाप मारल्यावर आवाज थांबतो त्याचंही कारण हेच: बर्फाचं टोक मोडतं किंवा पॅनल केसभर सरकतं. बर्फ फारच वाढला तर पंखा अडकून उभाच राहतो. तेव्हा आवाज पूर्ण बंद होतो आणि घरचे खूश होतात. दुसऱ्या दिवशी दूध नासतं.

आवाज नेमका कुठून येतो हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. बहुतेक फ्रिजमध्ये दार उघडलं की आतला पंखा थांबतो, कॉम्प्रेसर मात्र चालू राहतो. तेव्हा खरखर चालू असताना फ्रीझरचं दार उघडा. आवाज लगेच पडला आणि दार लावल्यावर पुन्हा आला, तर तो आतल्या पंख्याचा. दार उघडूनही तसाच राहिला, तर मागे खाली, कॉम्प्रेसरच्या बाजूला बघायला हवं. दाराच्या चौकटीत दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दिसत असेल, तर दार उघडं ठेवून ते बोटाने दाबून धरायचं. पंखा सुरू होतो आणि आवाज समोरच येतो. नव्या काही फ्रिजमध्ये बटण दिसत नाही, दारातल्या चुंबकावर चालणारा स्विच चौकटीच्या आत दडलेला असतो. तिथे दार उघडून-लावून जे कळेल तेवढ्यावर भागवावं.

खरखर ऐकू आली की पॅनल उघडण्याची घाई नको. आधी फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर नजर टाका. तिथल्या जाळीला मटारच्या पाकिटाचं किंवा कॅरीबॅगचं टोक चिकटलं असेल, तर नुसती फडफड येते आणि पाकीट हलवलं की प्रकरण संपतं. हे न बघता तक्रार नोंदवणारे कमी नाहीत. जाळीपुढे चार बोटं मोकळी जागा नेहमी हवीच. मग पॅनल बघा. त्यावर पांढरा भुसभुशीत थर किंवा फुगवटा दिसत असेल, फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी झाली असेल, तर पुढचं काम ठरलं.

ते काम म्हणजे फ्रिज पूर्ण बंद करून वितळवणं. नॉब शून्यावर नेऊन भागत नाही, प्लग काढायचा. आतलं सगळं बाहेर, दोन्ही दारं उघडी, खाली जुन्या चादरी. समोर टेबलफॅन लावला तर काम लवकर होतं. फ्रीझरमध्ये दुमडलेल्या फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवलं तरी चालतं. उकळतं पाणी मात्र भिंतीवर ओतू नका, आतलं प्लास्टिक तडकतं. केस वाळवायचं यंत्र जवळ धरलं तर प्लास्टिक वाकतं, शिवाय ओल्या जागी विजेचं उपकरण हातात घेणं धोक्याचंच. इथे लोक एक चूक हमखास करतात: दोन तासांत दिसणारा बर्फ गेला की फ्रिज सुरू करतात. पॅनलआडचा बर्फ तेव्हा तसाच असतो, आणि आवाज दुसऱ्याच दिवशी परत येतो. रात्री बंद करून सकाळपर्यंत ठेवा. दहा-बारा तास द्यायलाच हवेत, फार साठलेला असेल तर पूर्ण दिवस. बाहेरगावी जाण्याच्या आदल्या दिवशी हे काम सगळ्यात सोयीचं पडतं, कारण तेव्हा फ्रिज रिकामाच असतो.

सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यांनी बर्फ खरवडण्याचा मोह आवरा. कॉइलचं ॲल्युमिनियम पातळ असतं, टोक लागलं की भोक पडतं. मग पंख्याचं काम राहतं बाजूला आणि कॉइलच बदलायची पाळी येते. शिवाय आता बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्यूटेन, भरलेला असतो. आपल्या सिलिंडरमधल्या वायूच्या कुटुंबातलाच तो, पेट घेणारा. फ्रिजमध्ये तो जेमतेम मूठभर वजनाचा असला, तरी बंद स्वयंपाकघरात ठिणगीजवळ त्याची गळती नको. खरवडताना ‘फुस्स’ झालंच, तर खिडक्या उघडा, गॅस पेटवू नका, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर कोणता वायू आहे ते छापलेलं असतं, एकदा वाचून ठेवावं.

फ्रिज पुन्हा सुरू केल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तारीख लिहून ठेवा. आवाज गेला आणि गेलाच, तर बर्फ साचायचं कारण तात्पुरतं होतं: दार अर्धवट राहिलं असेल, गरम भांडं ठेवलं असेल, वीज जाऊन-येऊन वितळण्याचं चक्र बिघडलं असेल. आवाज आठवडा-पंधरवड्यात परत आला, तर हीटर, बायमेटल, फ्यूज, टायमर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलं आहे. आणि पुरता वितळवूनही पहिल्याच तासापासून खरखर कायम राहिली, तरच पंख्याच्या मोटरवर संशय घ्यावा. माझ्या मते एवढ्या एका निरीक्षणातून जितकं कळतं, तितकं पॅनल उघडून दहा मिनिटं डोकावल्यानेही कळत नाही. मेकॅनिक येतो तेव्हा त्याच्याकडे पंधरवडा नसतो, आपल्याकडे असतो.

दाराच्या रबराचीही याच वेळी परीक्षा घ्यावी. कागदाची पट्टी किंवा दहाची नोट दारात धरून दार लावा आणि हळू ओढा. ती अडखळत यायला हवी. सहज निसटली तर तिथून वाफ आत जाते. हे चारी बाजूंनी, कोपऱ्यांवर तर नक्कीच बघा. रबर बहुधा फाटलेलं नसतं, कळकट झालेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने खाचा पुसल्या की बरेचदा काम होतं. फ्रिज किंचित मागे झुकलेला असावा, म्हणजे दार आपल्या वजनाने मिटतं. पुढचे दोन पाय अर्धा-एक आटा फिरवून हे साधता येतं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. भोक दिसत असेल तर औषधाच्या सिरिंजने कोमट पाणी सोडून बघावं.

आता खरोखर बिघडलेल्या मोटरकडे वळू. मोटरच्या आसाला आधार देणारा बुश झिजला की चीं-चीं असा बारीक, कानाला टोचणारा आवाज येतो. फ्रिज थंड असताना तो जास्त असतो आणि काही मिनिटांनी कमी होतो. पातं तडकलं किंवा आसावर सैल झालं, तर थडथड येते आणि फ्रीझरच्या भिंतीला हात लावला की थरथर जाणवते. इथे कुणीतरी हटकून तेल सोडायला सांगतं, आणि घरात हाताशी असतं खोबरेल. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली घट्ट होतं आणि फ्रीझर असतो उणे 18 च्या आसपास, तेव्हा तिथे ते मेणासारखं जमून मोटर आणखी जखडून टाकेल. शिलाई मशीनच्या तेलाने चार दिवस आराम पडतो, पण झिजलेला बुश त्याने भरून येत नाही. मोटर बदलणं हेच बरं. जुन्या फ्रिजमध्ये ती घरच्या विजेवर, 230 व्होल्टवर चालते; नव्यांत बरेचदा 12 व्होल्टच्या डीसी मोटरी असतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही, म्हणून मॉडेल नंबर बघूनच मागवावी. हे काम हाताला सवय असेल त्यानेच करावं, आणि वॉरंटी चालू असेल तर कोणीच पेच उघडू नये.

मोठ्या, दोन उभ्या दारांच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरजवळ दुसरा पंखा असतो. तिथला दोष बर्फाचा नसतो, धुळीचा असतो. स्वयंपाकघरातली तेलकट वाफ आणि धूळ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, तोल जातो आणि घरघर सुरू होते. तळमजल्यावरच्या घरांत उंदीर, झुरळं, पालीही तिथल्या उबेला येतात. प्लग काढून मागचं झाकण खोललं आणि मऊ ब्रशने धूळ काढली की काम झालं. आपल्याकडच्या अनेक साध्या दोन दारी फ्रिजना हा पंखा नसतो. गरम नळ्या बाजूच्या पत्र्यांआड असतात, म्हणून ते पत्रे तापतात. तो बिघाड नव्हे.

काही आवाज निव्वळ रीतीचे असतात. कॉम्प्रेसर थांबल्यावरची बुडबुड ही नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाची. मधूनच येणारी कडकड गारठून आकसणाऱ्या प्लास्टिकची. बर्फ उतरताना थेंब हीटरवर पडले की ‘चर्र’ होतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा सूर दिवसभरात चढ-उतार करतो, कारण त्याचा वेगच बदलता असतो. ‘टक्’, मग काही सेकंद गुणगुण, पुन्हा ‘टक्’, आणि दर काही मिनिटांनी हेच, असं मात्र झालं तर ते धोक्याचं. व्होल्टेज पडलंय किंवा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले गेलाय, कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. तेव्हा प्लग काढून मोकळं व्हावं.

आवाज करणारे हलते भागच नकोत, अशा फ्रिजचा नाद फार मोठ्या माणसांनाही लागला होता. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी 1920च्या दशकात बर्लिनमध्ये हलता एकही भाग नसलेल्या फ्रिजवर काम केलं. 1930 मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंटही मिळालं. त्यांच्या एका रचनेत विद्युतचुंबकाने द्रवरूप धातू ढकलणारा पंप होता. पंप चालला, पण त्याचा आवाज भलताच होता, आणि तो फ्रिज बाजारात काही आला नाही.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर ‘फ्रिज आवाज करतोय’ एवढ्यावर फोन ठेवू नका. दार उघडल्यावर आवाज थांबतो की नाही, पुरता वितळवून बघितला का, किती दिवसांनी परत आला, खालचा कप्पा थंड होतो का, हे चार मुद्दे आणि मॉडेल नंबर सांगा, म्हणजे तो येतानाच हीटर, बायमेटल आणि सेन्सर पिशवीत घालून येईल. ‘गॅस भरावा लागेल’ असं ऐकलं तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा; फ्रिजमधला वायू वापरून संपत नाही, तो गळला तरच कमी होतो. आणि कोणताही भाग बदलला, तर जुना भाग हातात मागून घ्या.